डाव्या हातांचा प्रगत गट

आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड आला तेव्हा सावंत सरांनी त्याच्यापुढे नारळ फोडला. बोर्ड बोट लावलं की चालतो, हे पूजेला आलेल्या गुरुजींना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं आणि पडद्यावर माणसाची पचनसंस्था उघडली. लहान आतडं, मोठं आतडं, सगळं रंगीत आणि हलतं. संस्थेच्या अध्यक्षांनी त्या चित्रालाच हार घातला. तो फोटो फ्रेम करून कार्यालयात लावलाय.

मी सुलक्षणा राणे. कांजूरमार्गच्या या मराठी शाळेत गणित शिकवते. निवृत्ती जवळ आल्यामुळे मला कोणी काही बोलत नाही आणि मी सगळ्यांना सगळं बोलते, निदान स्टाफरूममध्ये तरी. शाळेत क्रांती येताना मी बऱ्याचदा पाहिली आहे. आधी टीव्ही आला. मग संगणक आले, त्यांच्यावर प्लास्टिकची कव्हरं चढली ती आजतागायत उतरलेली नाहीत. मग टॅब आले आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून कपाटात गेले. दर वेळी भाषणं झाली, दर वेळी पेढे वाटले. मुलींच्या संडासाची कडी मात्र तुटलेलीच आहे. तिच्याबद्दल विचारलं की तो फंड वेगळा असतो, असं उत्तर मिळतं.

या बोर्डाला वर एक कॅमेरा होता. तो घेऊन आलेला कंपनीचा केतन, माझ्याच एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचा, मला समजावून सांगायला लागला.

"बाई, तुम्ही प्रश्न विचारला की कोणाचा हात किती पटकन वर गेला ते हा बघतो. त्यावरून मुलाची लेव्हल ठरते. पहिला आठवडा तो शिकतो, मग आपोआप गट पाडतो."

"आणि उत्तर बरोबर आलं की चूक, ते?"

"ते पुढच्या अपडेटमध्ये येईल."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शिकवणाऱ्याला काय हवं ते न विचारता शिकवण्याची यंत्रं बनवणाऱ्या या लोकांना मी हात जोडते, दुसरं काही करता येत नाही.

पण गटांचा प्रश्न साधा नव्हता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला यंदापासून फक्त 'प्रगत' गटातली मुलं बसवायची आणि त्यांनाच जादा तास द्यायचा, असं संस्थेनं ठरवलं होतं. बाकीच्यांना त्या तासाला व्हिडिओ लावून द्यायचे.

सावंत सर कोकणातले, आमचे मुख्याध्यापक, फार घाबरट माणूस. पहिल्याच आठवड्यात वरचे साहेब बोर्ड बघायला येणार म्हणून त्यांची झोप उडाली. सोमवारी सकाळी ते माझ्या सातवीच्या वर्गात आले आणि मुलांना म्हणाले, "आठवडाभर प्रश्न विचारला की सगळ्यांचे हात वर गेले पाहिजेत. येतंय त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. बाई उजव्यालाच उठवतील."

ही आमची पिढ्यान्पिढ्यांची तपासणीची युक्ती. साहेबाला वर्गभर हात दिसतात, साहेब खूश होतो आणि चहा पिऊन जातो. मी कपाळाला हात लावला, पण गप्प बसले. साहेबांना फसवायचं असेल तर फसवा, मला काय त्याचं, असं मला वाटलं.

आता वर्गात काय झालं ते सांगते. ज्याला उत्तर येत नाही त्याला विचार करायचा नसतो, म्हणून डावे हात प्रश्न संपायच्या आत वर जायचे. ज्यांना येत होतं ती मुलं आकडेमोड करायची आणि मग उजवा हात उचलायची. सगळ्यांत शेवटी हात वर यायचा संघमित्राचा. ही पोरगी गणित ऐकलं की डोळे मिटते, ओठ हलवते, उत्तर काढते आणि ते दुसऱ्या रीतीनं ताडून बघते. मगच तिचा हात उठतो, तोही अर्धवट. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ डोकं माझ्या हाताखाली क्वचितच आलं असेल.

यंत्राला डावं-उजवं कळत नव्हतं. त्याला फक्त हात दिसत होते.

आठवडा संपला आणि बोर्डानं गट जाहीर केले. 'प्रगत' गटात पहिलं नाव सुयोगचं. सुयोगला अजून नवाचा पाढा येत नाही. तो स्वतःच माझ्यामागे धावत आला. "बाई, वाट लागली. मला खरंच जादा तासाला बसायला लागणार? माझी मॅच असते ना!" त्याच्या खाली सगळे डावे हात ओळीनं होते. संघमित्रा शेवटच्या गटात, नावापुढे लाल ठिपका.

मी सरांकडे गेले. ते हळू आवाजात म्हणाले, "सुलक्षणाबाई, यादी संस्थेकडे गेली. आता खरं सांगायला जावं तर डाव्या हाताचं सांगावं लागेल. माझी पेन्शन जवळ आलीय हो." एवढंच म्हणून ते फोनवर कोणाला तरी बोर्डाचं कौतुक सांगू लागले. मला त्यांची किळस आली.

म्हणून मी संघमित्राच्या वडिलांना बोलावून घेतलं. धम्मपाल जोंधळे मूळचे जालन्याकडचे, पवईच्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करतात. पालकांनी तक्रार केली की सर हलतील, असा माझा हिशेब होता. पण ते शांतपणे बाकावर बसले आणि म्हणाले, "बाई, मशीननं सांगितलंय ना? मग पोरगी कमी पडली असंल. मी तिला तसं सांगितलंय."

"अहो, मशीनला काय कळतं?"

"तेच तर बरं आहे. आमच्या गावात गुरुजी आधी आडनाव विचारायचे, मग जागा दाखवायचे. माझी जागा दाराजवळ, चपलांच्या बाजूला. लिफ्ट कुणाचं आडनाव विचारत नाही, सगळ्यांना सारखीच उचलती. कामवाल्यांसाठी वेगळी, अशी पाटी माणसं लावतात. म्हणून मी म्हणतो, पोरीला मशीननं तपासलं ते बेस."

सगळ्या जगाला नावं ठेवणारी मी, त्यांच्या शेजारी बाकावर बसले. या माणसानं ज्या यंत्रावर विश्वास ठेवला होता, ते आम्हीच बिघडवलं होतं, आणि आता घरी त्याची लेक स्वतःला ढ समजत बसली होती. मी त्यांना सगळं सांगितलं. डावा हात, उजवा हात, साहेबांचं येणं आणि माझं गप्प बसणं.

ते बाकावरून उठले. "म्हणजे खोटं बोलायला मशीनला तुम्हीच शिकवलं."

"हो."

"मग हे मला सांगून काय उपयोग? सरांसमोर बोला."

स्टाफरूममध्ये जीभ चालवणं निराळं आणि हे निराळं. मी त्यांना घेऊन कार्यालयात गेले, तिथे केतनही बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सर हसल्यासारखं करत म्हणाले, "बाई गंमत करतायत. आणि बदल करायचा म्हटला तरी आता होत नाही. जूनपर्यंत यादी लॉक असते."

"नाही सर, होतो ना," केतन भाबडेपणानं म्हणाला. "तुमच्या लॉगिनमधून गट बदलता येतो. फक्त कारण निवडायचं."

सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा खुर्चीत मागे सरकला. पण आता इलाज नव्हता. सरांनी लॉगिन केलं, संघमित्राचं नाव काढलं आणि कारणांची यादी उघडली. आजारपण. शाळाबदल. पालकांची विनंती. इतर. सरांचा चेहरा एकदम उजळला.

"हे बघा, झालं काम! पालकांची विनंती. जोंधळे, तुमच्यासाठी करतोय हां. पोरगी उद्यापासून जादा तासाला बसेल, परीक्षेलाही बसेल. कोणाला काही बोलायची गरजच नाही." त्यांनी बोट उचललं.

"थांबा," धम्मपाल म्हणाले. ते टेबलाजवळ आले. "मी विनंती केलेली नाही."

"अहो, नुसता शब्द आहे तो. मुलीचं काम होतंय ना?"

"पोरीनं उत्तरं बरोबर दिलीत. तिची जागा तिची आहे. उद्या कुणी विचारलं तर, बापानं हातापाया पडून पोरीला घुसवली, असं तिनं का ऐकावं? ते खालचं निवडा. इतर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना वाचवीन असं त्यांना वाटलं असावं. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला, 'इतर' निवडलं आणि खाली उघडलेल्या चौकोनात लिहिलं की साहेबांना दाखवण्यासाठी शाळेनं मुलांना उत्तर येत नसतानाही हात वर करायला शिकवलं, त्यामुळे यंत्राची यादी खोटी आहे आणि या विद्यार्थिनीवर अन्याय झाला आहे. दोनदा खोडून पुन्हा लिहावं लागलं. वर्षानुवर्षं गप्पांत वापरलेला माझा सगळा शहाणपणा त्या चौकोनात एवढासाच भरला.

धम्मपाल वाकून अक्षर न् अक्षर वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "खाली नाव टाका."

मी माझं नाव टाकलं.

"दोघांचं," ते म्हणाले, आणि सरांनी कीबोर्डला हात लावेपर्यंत तसेच उभे राहिले.