डावी कड

वहिनींच्या डोळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढलेला त्यांना खपत नसे. अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्या पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवत, आणि ओवून झाला की कुणी बघितलं की नाही हे हळूच बघून घेत. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद समोर ठेवला, त्यातल्या काळ्या डागावर पेन टेकवलं आणि "मावशी, एवढ्या भागातलं तुम्हाला दिसत नाहीये" असं सांगितलं, तेव्हा वहिनींना आधी भीती वाटलीच नाही. आधी संताप आला.

"यंत्र बिघडलंय तुमचं," त्या म्हणाल्या.

गेल्या होत्या साध्या चष्म्यासाठी. जुन्यावर नवरा बसला होता, आणि वर "तू तिथे ठेवलासच कशाला" असंही म्हणाला होता. चष्मेवाल्याने डोळ्यांत बॅटरी मारली, तोंड वाकडं केलं आणि इकडे धाडलं. इथे एकेका डोळ्यावर पट्टी लावून, हनुवटी टेकवून, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. वहिनींनी इमानेइतबारे बटण दाबलं होतं. दिसलेला एकही ठिपका सोडला नव्हता. पैकीच्या पैकी मिळणार याची त्यांना खात्री होती.

"दिसले ते दाबलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जे दिसलेच नाहीत, ते तुम्हाला कळणार कसे?"

काचबिंदू म्हणाल्या त्या. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं लख्ख दिसत राहतं आणि कडेकडेने नजर जात राहते. गेलेली परत येत नाही. डाव्या डोळ्याची बरीचशी गेली होती, उजव्याला सुरुवात झाली होती.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"तेच मला तुमच्याकडून हवंय. किती वेगाने चाललंय ते कळलं, तर औषध नीट ठरवता येईल. कामात काही चुकायला लागलं होतं का? कुणी काही बोललं?"

"माझ्या कामात?" वहिनी उठूनच उभ्या राहिल्या. "बाई, मी रफू करते. सव्वीस वर्षं. माझं रफू कुणाला सापडत नाही. कालचंसुद्धा सापडलं नाही! थांबा तुम्ही, पुरावाच आणून दाखवते."

आणि तरातरा निघाल्या. दारातून बाहेर पडताना डावा खांदा चौकटीवर आपटला. वर्षभर हे असंच चाललं होतं. डाव्या कोपरावरचा एक काळानिळा डाग पुसट होतो न होतो तोच दुसरा उठत होता, आणि वहिनी घरात सगळ्यांना फैलावर घेत होत्या, की स्टूल वाटेत कोण ठेवतं, कपाटाचं दार उघडं कोण टाकतं. स्टूल जागच्या जागीच असायचं. पण वहिनींच्या तोंडाला कोण लागणार?

भर दुपारचा रस्ता त्यांनी रागारागात तुडवला. राग होता तोवर बरं होतं. सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा मात्र रागाच्या खालून भीती वर आली. उद्या हे समोरचंही गेलं तर? चहाचा कप कुठे ठेवला ते चाचपत बसायचं? नवऱ्याने हाताला धरून बाथरूमपर्यंत न्यायचं? त्या वेंधळ्याने? सुई हातात असूनही हात रिकामे, हे त्यांना कल्पनेतसुद्धा सोसेना. छे, यंत्रच बिघडलंय, असं त्यांनी स्वतःला ठणकावलं आणि रस्ता ओलांडला.

त्यांच्या कारखान्यात महागडे कपडे रफूला येत. कुठे सिगारेटने जळलेले, कुठे कसरीने खाल्लेले, कुठे खिळ्याला अडकून फाटलेले. खिडकीपाशी लांबलचक टेबल, त्यावर चार रफू करणाऱ्या, आणि पलीकडे इस्त्रीवाले भाऊ. तिथे एक रीत होती. आपलं रफू झालं असं आपण म्हणायचं नाही. कपडा शेजारणीच्या हातात द्यायचा. तिने तो उजेडात धरून रफू शोधायचं आणि भाऊंनी मोठ्याने वीसपर्यंत मोजायचं. तेवढ्यात सापडलं तर उसवायचं आणि पुन्हा करायचं. नाही सापडलं तर कपडा इस्त्रीला. वहिनींच्या हातात कपडा गेला की भाऊंची मोजणी पाचाच्या पुढे क्वचितच जायची. "हे काय, इथे!" म्हणून त्या नख टेकवायच्या. किती जणींना त्यांनी रडवलं होतं त्याची गणती नव्हती. त्यांच्यामागे सगळे त्यांना 'दुर्बीण' म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं, आणि आवडतही होतं.

शेजारी बसायची ती त्यांची नणंद. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या वहिनींनी घातल्या आणि तिच्या हातात सुईही त्यांनीच दिली. आता ती त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. वहिनी तिला 'वन्सं' म्हणायच्या ते फक्त चिडल्यावर. तिच्यामुळे अख्खा कारखाना त्यांना वहिनी म्हणायचा.

वहिनींनी दिवसभराची रजा टाकलेली, त्यामुळे त्या येतील असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. जेवणाची सुट्टी होती. दोघी डबा खात होत्या. नणंद मात्र इस्त्रीच्या टेबलावर ओणवी होऊन एका राखाडी कोटाचे टाके सुईच्या टोकाने उसवत होती, आणि भाऊ तिच्यासाठी दिवा धरून उभे होते.

तो कोट वहिनींचा होता. काल संध्याकाळी त्यांनी पुरा केलेला. नणंदेनेच हातात घेतला होता, वीसपर्यंत शोधला होता आणि "नाही सापडलं" म्हणाली होती.

वहिनींनी कोट ओढून घेतला. समोरून बघितलं, काही दिसलं नाही. मग त्यांनी मान वळवली, कोट तिरका केला, आणि दिसलं. रफूची डावी कड तशीच सुटलेली होती. पाच धागे उभेच्या उभे, विणलेच नव्हते. एखाद्या नवशिकीनेही असं काम हातातून सोडलं नसतं.

"हे माझं?"

डबा खाणारींचा घास हातातच राहिला.

"वन्सं, मी विचारतेय. हे माझं काम?"

"वहिनी, तू बस आधी."

"बसत नाही! किती दिवस चाललंय हे?"

नणंदेने भाऊंकडे बघितलं. भाऊंनी दिवा विझवला, जणू तेवढ्याने काही झाकलं जाणार होतं.

"तो व्हायोलिनवाल्याचा काळा कोट आला होता ना," नणंद खालमानेने म्हणाली, "तेव्हा पहिल्यांदा. मला वाटलं, त्या दिवशी तुझं लक्ष नसेल. मग परत झालं. मग सारखंच व्हायला लागलं. तू गेलीस की उसवून परत करायचं आम्ही वाटून घेतलं, आज मी, उद्या ती."

"चौदा महिने झाले त्या कोटाला!"

"तुमचं मन मोडवेना हो," भाऊ म्हणाले. "सव्वीस वर्षांत तुमचं कधी उसवलं नाही. तोंडावर कसं सांगायचं?"

"माझं मन?" वहिनींचा आवाज फाटला. "मनाला काय धाड भरली होती माझ्या? डोळा गेला, भाऊ! डोळा! आत्ता डॉक्टरकडून येतेय मी. मला कसं कळणार? जे दिसत नाही ते मला कसं दिसणार? तुम्हाला दिसत होतं. चौघांना, आठ डोळ्यांनी, धडधडीत दिसत होतं! आणि मी मेली गेल्याच आठवड्यात हिला सांगत होते, माझ्याकडून शीक म्हणून. तेव्हा सगळ्यांनी माना खाली का घातल्या ते आत्ता कळतंय मला."

नणंद रडायला लागली. एरवी वहिनींनी तिला जवळ घेतलं असतं. आज घेतलं नाही. जिच्या वेण्या आपण घातल्या तिने आपल्याला चौदा महिने खुळ्यात काढलं, हे त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं होतं की त्यांचे हात पुढे होईनातच.

"उद्या सकाळी दहाला माझ्याबरोबर यायचं," त्या म्हणाल्या. "त्या बाईंना तारीखवार सगळं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी नणंदेने सांगितलं. वहिनी शेजारी हाताची घडी घालून बसल्या होत्या. काळ्या कोटावर एकच धागा सुटला होता. थंडी सरता सरता दोन. त्यानंतर एका शालीवर तीन. आणि आता पाच. तिला एकेक कपडा पाठ होता. प्रत्येक तिच्याच हातून तपासून गेला होता, तिने झोप मोडून आठवला होता. डॉक्टरीणबाई भराभर लिहून घेत होत्या.

"याचा खूप उपयोग होईल," त्या म्हणाल्या. "इतकं नेमकं सहसा कुणी सांगत नाही."

नणंदेने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "मी तेव्हाच सांगितलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या रडून सुजलेल्या तोंडाकडे बघितलं. पेनाचं टोपण घातलं, परत काढलं. "आता तो विचार नका करू. तसं काही ठामपणे सांगता येत नाही. आणि कुणाचा दोष..."

वहिनींनी टेबलावर हात आपटला.

"तुम्हीसुद्धा?" त्या ओरडल्या. "अहो, येतंय तुम्हाला सांगता! तोंडापर्यंत आलेलं गिळताय, दिसतंय मला. तेवढं अजून दिसतं! तिला वाईट वाटेल म्हणून तुम्ही गप्प, मला वाईट वाटेल म्हणून ते गप्प. डोळा कुणाचा आहे? माझा ना? मग मला सांगा!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग सरळ बसल्या.

"डाव्याचं बरंच वाचलं असतं," त्या म्हणाल्या.

नणंदेने तोंडावर पदर दाबला. वहिनींना ते खचकन लागलं, आणि तरी बरं वाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना लहान मूल न समजता त्यांच्याशी बोललं होतं.

"आणि उजवा?"

"उजवा राखता येईल असं मला वाटतं. वचन देत नाही. थेंब आहेत, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत. एक वेळही चुकवायची नाही. तुमचे तुम्हाला घालता येतील?"

"नाही. ही घालेल."

"मी?" नणंद दचकली. "वहिनी, माझे हात बघ कसे थरथरतायत. दादाला सांग ना."

"त्याला चष्मा दिसत नाही, डोळा काय दिसणार? तूच घालायचे. चौदा महिने माझ्या तोंडाकडे न बघता खोटं बोललीस. आता रोज दोनदा माझ्या डोळ्यांत बघायचं, आणि जे दिसेल ते सांगायचं."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं सील तोडून ती पुढे केली. वहिनींनी मान मागे टाकली. नणंदेने एका हाताने पापणी ओढली, दुसऱ्या हाताने बाटली धरली आणि किती तरी वेळ नुसतीच बघत राहिली. मग थेंब सुटला.

"गालावर पडला, वहिनी," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण म्हणाली.

"मग परत घाल," वहिनी म्हणाल्या.