बळ नऊ, बुद्धी एक

नवराबायकोचे वाद कुठल्या घरात होत नाहीत? पण या चित्रकाराच्या घरात ते व्हायचे हजार खुजे भारी की शंभर दगडे, यावरून! त्याचं कामच तसं होतं. एका गाजलेल्या अद्भुत महाकादंबरीतल्या जमातींचं सचित्र युद्धपुस्तक त्याने तयार केलं होतं. लांबकान्यांची नेमबाजी, खुज्यांची चिकाटी, पंखवाल्यांचा वेग. प्रत्येक जमातीचं चित्र आणि खाली दहापैकी गुण. सगळ्यांत दणकट ते दगडे. बळ नऊ, बुद्धी एक. पुस्तक हातोहात खपलं, पोरं गल्लीगल्लीत त्या लढाया खेळू लागली आणि चित्रकाराची स्वारी हवेत होती.

एका रविवारी दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे मास्तर उभे होते. नदीपलीकडून येऊन इथे स्थायिक झालेले, चांगले धिप्पाड गृहस्थ. शाळेत गणित शिकवायचे. काखेत तेच पुस्तक.

"सही हवीय का, मास्तर?" चित्रकाराने हसत विचारलं.

"नाही, एक विचारायचं होतं." मास्तरांनी दगड्याचं पान उघडून पुढे धरलं. "हा मी आहे का?"

चित्रकाराने पुस्तक हातात घेऊन पाहिलं. जुळलेल्या जाड भुवया, पुढे आलेलं कपाळ, हनुवटीवरचा तीळसुद्धा! हा चेहरा हाताखाली आला कुठून, हे त्याने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

"अहो, काल्पनिक आहे सगळं!" तो घाईघाईने म्हणाला. "कोणती जमात लढाईत किती भारी, एवढाच खेळ. कुणी मनावर घेतं का?"

"माझी मुलगी घेते. ती माझ्यावर गेलीय ना. वर्गात तिला 'दगडी' म्हणतात. बाकं हलवायची असली की तिला हाक. बुद्धिबळाच्या संघातून मात्र तिने आपणहून नाव काढून घेतलं. म्हणाली, बाबा, आपल्याला एकच गुण आहे."

चित्रकाराने पुस्तक मिटलं.

"लढाया मलाही आवडतात हो," मास्तर म्हणाले. "दगड्या खुज्यापेक्षा जास्त वजन उचलेल, कबूल. पण अक्कलही जन्मतःच मोजून द्यायची? एखाद्या दगड्याला गणित आवडलं तर त्याने जायचं कुठे? मुलं पुस्तक मिटून ठेवतात, पण हा हिशोब डोक्यात घेऊन हिंडतात. मग माणसं दिसली की त्यांनाही तोच लावतात."

एवढं बोलून ते खाली गेले. आवाज चढवला नाही, आणि तेच चित्रकाराला जास्त लागलं.

"मी मुद्दाम नाही गं केलं!" तो बायकोला म्हणाला.

"अरे, तेच तर वाईट आहे. नदीपलीकडची माणसं अंगानं रेडे आणि डोक्यानं बेताची, असं तू चहा पिता पिता कितीदा म्हटलंयस! आणि मी हसलेय. हा सोफा वर चढवायला तू मास्तरांना हाक मारलीस. यावर बसायला कधी बोलावलंस? आत्तासुद्धा ते दारातच उभे होते!"

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

संध्याकाळी तो खाली गेला. दार मुलीने उघडलं. तेच कपाळ, त्याच भुवया.

"काका, तुम्ही बाबांना बघूनच काढलं होतं?"

'योगायोग' हा शब्द त्याच्या अगदी जिभेवर आला होता. तो त्याने गिळला.

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं. तुझ्या बाबांचं मी फक्त अंग पाहिलं. माणूस पाहिलाच नाही."

मुलीने मान हलवली आणि आत निघून गेली. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही.

पुस्तक बदलायचं, असं त्याने प्रकाशकांना सांगितलं. "खपतंय ते कशाला बदलता?" ते कुरकुरले. "मग माझी सगळीच चित्रं काढून टाका," चित्रकाराने ठणकावलं. नव्या आवृत्तीत दगड्याचा चेहरा बदलला, आणि बुद्धीचा रकाना सगळ्याच जमातींचा गेला. पण छापलेली पुस्तकं घरोघरी पोचली होती, ती कशी परत आणणार? म्हणून तो शाळेत गेला. मुलीच्या वर्गापुढे उभा राहून, आपण कुणाचा चेहरा कुणाला चिकटवला ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. काही मुलांनी माना खाली घातल्या. ती मात्र खिडकीबाहेर बघत होती.

पुढे ती पुन्हा बुद्धिबळ खेळू लागली. त्याचं श्रेय चित्रकाराने कधी घेतलं नाही. ते तिचं तिनेच मिळवलं होतं.

वाचकहो, दगडे आणि खुजे खुशाल लढवा! पण जमात पाहून माणसाची अक्कल ठरवायची सवय तुमच्या-माझ्याही घरात मुरलेली आहे. ती हसण्यावारी नेऊ नका. ज्याला दुखावलं त्याच्या दारात जा, चूक कबूल करा. लाज वाटेल. वाटू द्या!