मावशीचे दोन तुकडे

"सरकली! मान सरकली हो हिची!" कॅमेऱ्याला डोळा लावून काका किंचाळले आणि दिवाणखान्यात दाटीवाटीने उभी असलेली चाळीसेक माणसं एकदम मागे हटली. समोर खुर्चीत बसलेल्या मावशीने घाबरून मान चाचपली. मान जागच्या जागी होती. पण एवढी माणसं उगाच कशाला मागे हटतील, असं वाटून तिला रडूच फुटलं.

काकांनी बोलावलेल्या जोडबाबांनी स्टँडवरच्या आपल्या जुन्या कॅमेऱ्यावरून हात फिरवला.

"साधं यंत्र नाही हे! यातून शरीर नाही, आत्मा दिसतो. बाईंचं डोकं उजवीकडे, धड डावीकडे. आणि पोटावर ती काळी वाकडी रेघ? ती बाधा! सात बैठकांत सांधून देतो. तोवर अंगाला सुरी लावलीत, तर आत्मा तिकडचा तिकडेच!"

झालं! मावशीच्या पित्ताशयात खडे होते, उद्या सकाळी आठला ऑपरेशन होतं. गेले तीन महिने बिचारी पोट धरून लोळत होती. आणि काकांनी ऑपरेशन रद्द करायला मोबाइल काढला.

"थांबा काका, मला बघू द्या," भाची पुढे झाली. गल्लीच्या तोंडाशी तिचं कॅमेरादुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि कामं उरकायची घाई.

तिने डोळा लावला. मधोमध एक गोल, गोलातून आडवी रेघ. रेघेच्या वर मावशीची हनुवटी, खाली गळा, आणि दोन्ही दोन बाजूंना सरकलेले. यात कसलं नवल? कित्येक जुन्या कॅमेऱ्यांत फोकसची अशीच काच असते. पण ती बाधा? तिने नीट पाहिलं. तो केस होता. तिच्याच ब्रशचा! महिन्यापूर्वी एक दाढीवाला "तुकडे दाखवणारी काच बसवा" म्हणून हाच कॅमेरा देऊन गेला होता. काच झाडताना केस तिथेच राहिला. दाढी आजही तीच होती, कपडे तेवढे पांढरे झाले होते. बाबांनीही तिला आत्ता कुठे ओळखलं असावं, कारण ते एकाएकी जोरजोरात मंत्र म्हणायला लागले.

खरं सांगावं तर दुकानाची लाज जाणार. जमलेले निम्मे लोक तिचीच गिऱ्हाइकं. तेवढ्यात मावशी पोट दाबून कण्हली. गेली लाज खड्ड्यात!

"ती बाधा माझी आहे," भाची ओरडली. "माझ्या ब्रशचा केस आहे तो. गचाळ काम केलं मी!"

"नास्तिकांना असंच दिसतं!" बाबा गरजले.

तिने कॅमेरा गर्रकन बाबांकडे वळवला. "काका, बघा."

"अरे देवा! बाबांचीपण मान सरकली! बाधासुद्धा आहे!"

"आता स्टुलाकडे बघा."

"स्टूलपण तुटलं! स्टुलाला आत्मा असतो?"

लोक फिदीफिदी हसायला लागले. भाचीने भिंगाची कडी हळूच फिरवली.

"जुळलं!" काका म्हणाले.

"मंत्र म्हणता म्हणता बाबा हेच करणार होते, सात बैठका!"

मग तिने भिंग काढलं आणि चिमट्याने आतली काच बाहेर घेतली. जेमतेम टपाल तिकिटाएवढी. "यात दोन तिरप्या काचा आहेत, एकमेकींच्या उलट. फोकस चुकला की त्या चित्राचे अर्धे अर्धे भाग दोन बाजूंना ओढतात, जमला की भाग जुळतात. छायाचित्रकाराला फोकस कळावा म्हणून केलेली सोय आहे ही." तिने फुंकर मारली. बाधा उडून काकांच्या सदऱ्यावर बसली.

"मग माझं पोट दुखतं ते?" मावशीने विचारलं.

"ते खरं आहे गं. डॉक्टर बदलला, मशीन बदललं, तरी खडे तिथेच दिसले ना? बाधा मात्र काच काढली की संपली."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा कॅमेरा तिथेच टाकून जिन्याने सटकले होते.

तिसऱ्या दिवशी मावशी हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. हातातल्या बाटलीत चार खडे. येईल त्याला बाटली हलवून दाखवायची.

"हातात घेऊन बघा. आणि कुणी चमत्कार दाखवला ना, तर पाया पडायच्या आधी म्हणा, जरा उघडून दाखव." मग भाचीकडे वळून ती म्हणाली, "आणि तू गं, ब्रश नवा घे आधी!"