सत्तावीस नंबरची आरामखुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी आरामखुर्ची आहे. एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये, कपडे धुण्याच्या खोलीच्या मागे, भिंतीला टेकवून मला उभं केलं आहे. माझी मधली पट्टी मोडलेली आहे. ती कशी मोडली हेच सांगायचं आहे, पण थोडं आधीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जन्मतःच मोडकी.

मी सागवानाची. समुद्रापलीकडच्या एका गावातल्या सुताराने मला केलं. त्या वर्षी त्याला चाळीस खुर्च्यांचं काम मिळालं होतं आणि करणारे दोघंच, तो आणि त्याची बायको. तो रंधा मारायचा, ती पॉलिश पेपरने घासायची. खुर्ची पुरी झाली की तो स्वतः तिच्यावर आडवा व्हायचा.

"अहो, तपासताय की झोपताय?" बायको विचारायची.

"तपासतोय," तो डोळे न उघडता म्हणायचा. "टोचलं तर आपला आपण उठेन. नाही टोचलं तर जेवायला उठव."

माझ्यावर तो जेवणापर्यंत झोपला. एवढं कौतुक पुढे कुणी केलं नाही. मग तापलेल्या सळईने त्याने माझ्या पाठीवर सत्तावीस हा आकडा उठवला आणि मला होडीत चढवलं.

बेटावर मला पहिल्या रांगेत जागा मिळाली. समोर वाळू, मग पाणी. मी नवी होते तेव्हा मला प्रत्येकाचं वजन निराळं कळायचं. नवीन लग्न झालेली जोडपी दोन खुर्च्या असूनही एकीवरच बसायची, मी करकरायचे आणि ती हसायची. एक गृहस्थ उघड्या पाठीने माझ्यावर झोपले. उठले तेव्हा पाठीवर माझ्या पट्ट्यांचे आडवे लालबुंद वळ उठलेले. त्यांची नातवंडं दोन दिवस त्यांना झेब्राआजोबा म्हणत होती. माझा फोटो रिसॉर्टच्या माहितीपत्रकावरसुद्धा होता.

पण मित्रांनो, दर चार-सहा दिवसांनी नवी माणसं. तेच तेल, तीच वाळू, तेच "किती छान आहे ना इथे!" हळूहळू मला वजनं कळेनाशी झाली. कुणी बसलं काय, उठलं काय. खाऱ्या वाऱ्याने माझा रंग उडाला, मी राखाडी झाले. पुढे प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या आल्या आणि मला रांगेच्या अगदी टोकाला, माडांच्या बाजूला नेऊन ठेवलं. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. लाकूड असंच आतून बधिर होत जातं.

त्या टोकाच्या जागेवर एके दिवशी तिघं आले. बाबा, आई आणि दहा वर्षांची एक मुलगी. त्यांच्यामागून आमचे टॉवेलकाका आले. सकाळी टॉवेल वाटायचे, छत्र्या उघडायच्या, संध्याकाळी सगळं गोळा करायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या हातात चार टॉवेल होते.

"चार ना?" त्यांनी विचारलं.

"तीन," आई म्हणाली.

"यादीत चार लिहिलंय, म्हणून..."

"तीन," आई पुन्हा म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. काकांनी एक टॉवेल काखेत धरला आणि ते गेले.

चौथा टॉवेल मुलीच्या दादाचा होता. तेरा वर्षांचा होता तो. ही सहल ठरली तेव्हा तो होता. मग आठ महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत तो गेला. सहल रद्द करायची हे कुणाला सुचलंच नाही. निघायची तारीख जवळ आली तसा रिसॉर्टचा मेसेज आला, 'आम्ही आपली वाट पाहत आहोत.' आईने तो वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "बरं." म्हणून तिघं आली. हे सगळं मला आई फोनवर मुलीच्या आत्याशी बोलत होती त्यातून कळलं.

बाबा माझ्यावर बसले. माणूस बसला की आधी जरा हलतो, कूस बदलतो, पाय कुठे ठेवावेत ते बघतो. बाबा हलले नाहीत. सकाळी नाश्ता करून यायचे, आडवे व्हायचे आणि सूर्य बुडेपर्यंत तसेच. डोळे कधी मिटलेले, कधी उघडे. फरक काही नव्हता. शेजारच्या खुर्चीवर आई पुस्तक घेऊन बसायची. चार दिवसांत तिने पान उलटलेलं मी पाहिलं नाही. आत्याला पाठवायला रोज एक फोटो काढायचे. फोटोपुरते तिघं हसायचे. मग हसू आवरून ठेवायचे, जशी काका छत्री मिटतात.

मुलगी मात्र खेळायची. पण कसं? एकटी, आवाज न करता. किल्ला केला तर "बघा ना" म्हणायची नाही. पायात शिंपला घुसला तर स्वतःच उपसून काढायची आणि रक्त आलेलं बोट पाण्यात धुवायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "किती शहाणी पोर आहे! काही त्रास नाही." आई मान हलवायची.

चौथ्या दिवशी ओहोटी मोठी होती. आमच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात एक काळा खडक आहे. ओहोटीला तिथपर्यंत वाळू उघडी पडते आणि लोक शिंपले वेचायला चालत जातात. भरतीआधी परत या, अशी पाटी लावलेली आहे. पाटी सगळे वाचतात.

"माझं डोकं दुखतंय. खोलीवर जाऊन पडते जरा," आई म्हणाली. "तुमचं लक्ष आहे ना हिच्याकडे?"

"हं," बाबा म्हणाले.

थोड्या वेळाने मुलगी जवळ आली. "बाबा, मी शिंपले आणू? त्या खडकाजवळून?"

"हं."

ती बादली तिथेच टाकून, फ्रॉकचा ओचा करून गेली.

मित्रांनो, भरती समोरून लाटा घेऊन येते असं तुम्हाला वाटत असेल. तिथे तसं होत नाही. खडक आणि किनारा यांच्यामध्ये वाळू खोलगट आहे. आधी तिथे पाणी भरतं. खडकावरच्या माणसाच्या पाठीमागे, काही आवाज न करता. मुलगी वाकून शिंपले वेचत होती. तिने मान वर केली तेव्हा मागची वाळू गेलेली होती. ती दोन पावलं पाण्यात उतरली. पाणी कमरेवर आलं तशी मागे फिरली आणि खडकावर चढून उभी राहिली.

ती ओरडली नाही. हात हलवला नाही. ओचा घट्ट धरून नुसती उभी राहिली.

मला टोकाच्या जागेवरून, छत्र्यांच्या खालून, सगळं दिसत होतं. खरं सांगू? मला काही वाटलं नाही. इतकी वर्षं बघत आले होते, तसंच तेही बघितलं. खडक लहान होत गेला.

टॉवेलकाका त्या दिवशी लवकर गोळा करायला निघाले होते. आमच्यापाशी आले आणि थांबले.

"साहेब, छोटीचा टॉवेल अजून घडीतच आहे. कुठं गेली?"

"आहे की इथेच," बाबा म्हणाले.

"इथे नाहीये, साहेब."

बाबांनी मान वळवली. बादली दिसली. ते उठून बसले. मग उभे राहिले, आणि शेजारच्या छत्र्यांच्या आडून दिसेना म्हणून माझ्यावर चढले. दोन्ही पाय मधल्या पट्टीवर. त्या क्षणी, कित्येक वर्षांनी, मला माणसाचं वजन कळलं. पूर्ण माणसाचं, थरथरणाऱ्या माणसाचं. पट्टी कडकन मोडली, पण तेवढ्यात त्यांना मुलगी दिसली होती.

ते धावले. पाण्यात एकदा पडले, उठले. पाणी छातीपर्यंत आलं तसे हात मारत पुढे गेले. काका मागून तरंगती रिंग घेऊन धावले. पळता पळता त्यांचे सगळे टॉवेल वाळूवर पडले. बाबा खडकापाशी पोचले तेव्हा पाणी मुलीच्या गुडघ्यांना लागत होतं. तिला रिंगमध्ये बसवून दोघांनी ओढत आणलं.

वाळूवर आल्यावर बाबा मटकन खाली बसले. मुलगी समोर उभी. ओचा सुटला होता, शिंपले सगळे गेले होते. एवढ्यात आई धावत आली. कुणीतरी खोलीवर जाऊन सांगितलं होतं.

बाबांना धाप लागली होती. "हाक का नाही मारलीस? अगं, हाक का नाही मारलीस?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "तुम्ही झोपला होता."

"म्हणून काय झालं?"

"आत्याने सांगितलंय. आई-बाबांना त्रास द्यायचा नाही. ते आधीच..." तिने ओला फ्रॉक पिळला. "मला वाटलं, पाणी जाईल परत."

आईने तोंडावर हात धरला. कुणी रागावलं नाही, कुणी मिठी मारली नाही.  काका जरा लांब जाऊन टॉवेल झटकत राहिले.

मग बाबा म्हणाले, "मला हाक मारायची. झोपलो असलो तरी. रडत असलो तरी."

"कधीपण?"

"कधीपण."

मुलीने विचार केला. तिथल्या तिथे, दोन हातांवरून, हळूच म्हणाली, "बाबा."

"ओ," बाबा म्हणाले.

राहिलेले दोन दिवस मी मोडकी म्हणून माडाखाली पडून होते, पण ऐकू येत होतं. बाबा आता वाळूवर बसत होते. चेहरा तोच होता, डोळे तसेच जड. एका दिवसात माणूस बरा होत नाही. पण मुलगी किल्ला करता करता मध्येच हाक मारायची, "बाबा!" आणि ते म्हणायचे, "ओ." काम काही नसायचं. ती खात्री करून घेत होती. पाण्यातून मारायची, माडामागून मारायची, तोंडात घास असताना मारायची.

"पुरे गं, किती वेळा!" आई एकदा म्हणाली.

"मारू दे," बाबा म्हणाले. "आठ महिन्यांच्या राहिल्यात."

 थोड्या वेळाने मुलीची हाक आली, "आई!" आणि आईने पुस्तक मिटलं.

तिघं गेली. मला इथे मागे आणून ठेवलं. इथून समुद्र दिसत नाही, नुसत्या चादरी दिसतात. काका म्हणतात, नवी पट्टी बसवू. बसवतील तेव्हा बसवतील. पण त्या दिवसापासून मी पूर्वीइतकी बधिर राहिले नाही. मोडकी बाजू दुखते, आणि दुखतं हे मला कळतं.

मित्रांनो, घरावर दुःख आलं की सगळे मोठ्यांना सांभाळतात. त्याच घरात एखादं लहान मूल शहाण्यासारखं, गुपचूप खेळत असतं. ते शांत आहे म्हणजे बरं आहे, असं कुणी समजू नये. मोठ्यांना माझा हा निरोप सांगा. आणि ते लहान मूल तुम्हीच असाल, तर पाणी गुडघ्याला लागायची वाट बघू नका. हाक मारा. एकदा मारून ऐकू गेली नाही तर पुन्हा मारा, मोठ्याने मारा. त्याला त्रास देणं म्हणत नाहीत.