कागदावर कुमारी

त्या हिवाळ्यात सरकारनं प्रत्येकाची वंशावळ कॉम्प्युटरवर खुली केली, आणि आमच्या कुझोरेन गावात आठ दिवस गुरांकडे कोणी धड बघितलं नाही. ज्याला त्याला पणजोबा हवा होता. पहिल्याच दिवशी साऱ्या देशानं एकदम आपापले पणजोबा शोधायला घेतले म्हणून ते यंत्र बंदच पडलं, मग रडतखडत चालू झालं. मुख्तारला, म्हणजे आमच्या सरपंचाला, कळलं की त्याचे पूर्वज कॉकेशसच्या डोंगरातून आले. त्यानं लगेच मेंढीच्या कातड्याची उंच टोपी मागवली आणि बायकोवर ओरडताना तो ती घालू लागला. खालच्या आळीतल्या सालिहचं शेजारच्या घराशी बांधावरून तीन पिढ्यांचं वैर. ते घर आपल्या सख्ख्या चुलत्यांचं निघालं म्हटल्यावर तो दोन दिवस जेवला नाही.

माझी नात डेफ्ने अंकाऱ्याला शिकते. तिनं माझी वंशावळ छापून आणली आणि शेगडीजवळ बसून बोट ठेवून दाखवायला लागली.

"आजी, ही तू. शेहरिबान, १९४४. हे तुझे वडील हमदी. आणि ही तुझी आई, नाजिये."

"ही माझी आई नव्हे," मी म्हटलं.

"सरकार म्हणतंय."

"सरकार होतं का तिथं?"

नाजिये ही आमची मोठी आई, वडिलांची लग्नाची बायको. दहा वर्षं मूल झालं नाही तेव्हा तीच वरच्या गावी गेली, चार घरच्या मुली बघितल्या, त्यांच्याकडून पीठ मळून घेतलं आणि एल्मासला पसंत केलं. इमामानं निकाह लावला. सरकारला दुसरी बायको चालत नव्हती, म्हणून सरकारला काही सांगितलं नाही. मग मुलं झाली एल्मासला, आणि कागदावर चढली नाजियेच्या नावावर. गावात अशी सहा-सात घरं होती, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आम्हीही एकीला मोठी आई म्हणायचो, दुसरीला धाकटी.

दोघींचं आपसात बरं होतं. भांडायच्या, पण वडील मध्ये बोलले की दोघी मिळून त्यांच्यावर तुटून पडायच्या. शेवटी वडिलांनी रेडिओ घेतला आणि पलीकडच्या खोलीत राहायला गेले. मोठ्या आईच्या कमरेला घरातल्या सगळ्या किल्ल्या. धाकट्या आईच्या हातात घरातलं सगळं काम.

डेफ्ने मला तालुक्याच्या नोंदणी कचेरीत घेऊन गेली. तिथल्या मुलानं धाकट्या आईच्या माहेरच्या कुटुंबाचं पान काढलं आणि वाचून दाखवलं: "एल्मास. जन्म १९२५. कुमारी. अपत्य नाही. मृत्यू १९७९."

"पुढे?"

"पुढे काही नाही, आजी. एवढंच आहे."

म्हणजे सरकारच्या मते माझी आई चोपन्न वर्षं बापाच्या घरी नुसती बसून होती. माझी आई जेवायलासुद्धा कधी बसली नव्हती. उभ्या उभ्या पोळीत चीज गुंडाळायची आणि खात खात गोठ्याकडे निघायची. ते पान बघून मला इतका राग आला की मी त्या मुलाला म्हटलं, "लिही, बाळ. मी सांगते, तू लिही." तो म्हणाला, असं लिहिता येत नाही, कोर्टात जावं लागतं.

गेले. वकील फेरहात बे माझ्या मुलापेक्षाही लहान होता, पण वकिलाला बे, म्हणजे साहेब, म्हणावंच लागतं.

"दावा कोणावर?" त्यानं विचारलं.

"मोठ्या आईवर."

"त्या कुठे असतात?"

"कबरस्तानात. जाऊन चाळीस वर्षं झाली."

त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, मग दावा त्यांच्या वारसावर करावा लागेल. आणि वारस कोण, तर माझा पाठचा भाऊ दुर्सुन.

समन्स हातात घेऊन दुर्सुन आला तो बूट न काढताच आत आला. अडुसष्ट वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"ताई! तू माझ्यावर दावा केलास?"

"तुझ्यावर नाही रे. मोठ्या आईवर. तू फक्त तिच्या जागी उभा राहा."

"ती बिचारी मातीत निजली आहे, तिला तू आता वांझ ठरवणार? तिनं तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या!"

"काढल्या. काढताना कानही पिळले."

"कान माझेही पिळले. मी गेलो का कोर्टात?"

"आणि आपल्या आईचं काय? तिच्या पानावर काय लिहिलंय माहीत आहे? कुमारी."

दुर्सुनला तेव्हा पायातले बूट दिसले, ते काढायला तो खाली वाकला. मग म्हणाला, "ती काही बोलली नसती."

"बोलली नसती म्हणूनच तर असं झालं," मी म्हटलं.

त्याचंही मला कळत होतं. मोठ्या आईचा सगळा जीव दुर्सुनवर. किल्ल्यांच्या जुडग्याला हात लावायची परवानगी घरात त्या एकट्याला होती.

फेरहात बेला साक्षीदार हवा होता. माझी आई बाळंत होताना ज्यानं डोळ्यांनी पाहिलं असं जिवंत माणूस. असं एकच माणूस उरलं होतं: झुल्फियेकाकू, वय चौऱ्याण्णव. तिची सासू गावची सुईण, आणि तरुणपणी ही तिच्यामागे गरम पाण्याचं भांडं घेऊन हिंडायची. अडचण एवढीच होती की मी तिच्याशी एकोणतीस वर्षं बोलत नव्हते.

कारण शेळी. त्या शरद ऋतूत मी वर्षभराच्या बुलगुरसाठी, म्हणजे दलियासाठी, गहू उकडून गच्चीवर चादरींवर वाळत टाकले होते. झुल्फियेकाकूची तांबडी शेळी जिना चढून वर आली आणि निम्मे गहू खाऊन, उरलेल्यांत लोळून गेली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. काकू म्हणाली, ती माझी शेळी नव्हे. साऱ्या गावात तांबडी शेळी एकच, आणि ती बाई माझ्या तोंडावर म्हणते की माझी नव्हे!

साखर, चहा आणि लेस लावलेला एक रुमाल घेऊन मी तिच्या दारात गेले. ती ओट्यावर उन्हात बसली होती.

"कोण आहे?" तिनं विचारलं. डोळे तिचे घारीसारखे होते, पण विचारलं.

"मी शेहरिबान, काकू. कोर्टात साक्ष द्यायची आहे. माझी आई कोण, एवढंच सांगायचं."

"सांगेन की. पण आधी तू सांग. शेळी कोणाची होती?"

मी तिच्याकडे बघितलं. एकोणतीस वर्षं ती याच दिवसाची वाट बघत होती. सुनेलाही तिनं हाक मारून बाहेर बोलावलं, साक्षीला.

"तुमची नव्हती," मी म्हटलं.

"जरा मोठ्यानं. हिला कमी ऐकू येतं."

"शेळी तुमची नव्हती, काकू!"

"बघ," ती सुनेला म्हणाली. "आता साखर आत घेऊन जा."

आईसाठी मी आयुष्यात खूप काही केलं असं नाही. पण ते वाक्य मी आईसाठी बोलले.

जर्दाळू पिकायला लागले तेव्हा तारीख लागली. वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार एकाच मिनीबसनं तालुक्याला गेलो, कारण दुसरी मिनीबस दुपारी असते. दुर्सुन सारी वाट माझ्याकडे पाठ करून बसला होता. मात्र मी उकडलेली अंडी सोलली तेव्हा त्यानं मागे न बघताच हात पुढे केला. मी दोन दिली.

जज्ज एक तरुण बाई होती, डोळ्यांवर जाड चष्मा. तिनं झुल्फियेकाकूला खुर्ची द्यायला लावली आणि विचारलं, "आजी, हमदीच्या घरच्या शेहरिबानचा जन्म तुम्ही पाहिलात?"

"पाहिला. याच हातांनी धुतलं तिला."

"आई कोण होती?"

"एल्मास. दुसरी कोण असणार? नाजिये बाहेर अंगणात होती, हमदीला झाडूनं हाकलत होती. मध्ये मध्ये करत होता."

फेरहात बेनं माझ्याकडे बघून मान डोलावली. तिथंच थांबायला हवं होतं. पण काकूचं किती वर्षांनी कोणी मन लावून ऐकत होतं.

"गोड पोर होती," ती म्हणाली. "पाच महिन्यांची झाली आणि गोवरात गेली. तेव्हाही मीच धुतलं."

जज्जबाईनं चष्मा काढला.

"कोण गेली?"

"शेहरिबान."

"मग या कोण?"

काकूनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "ही? ही तिच्या मागची. तीन वर्षांनी झाली. गावात पहिल्यांदा बटाटा लावला त्या साली. पहिलीचा कागद घरात तसाच होता, चांगला होता. तालुक्याला गाढवावरून जायचं म्हणजे दोन दिवस मोडायचे. मग नाव तेच ठेवलं, कागद तोच वापरला. सगळेच वापरायचे, बाई. चांगला कागद फेकायचा कशाला?"

सरकारच्या वतीनं आलेला माणूस इतका वेळ पेंगत होता, तो ताठ बसला आणि भराभर लिहायला लागला. म्हणाला, "मॅडम, म्हणजे वादी बाईंची नोंदच नाही. १९६५ साली लग्न झालं ते मयत व्यक्तीचं. पेन्शनसुद्धा..."

फेरहात बेचा चेहरा दह्यासारखा पांढरा पडला.

"बाई," जज्जबाईनं मला विचारलं, "तुम्ही कोण आहात?"

"आज सकाळपर्यंत मला माहीत होतं," मी म्हटलं.

तेव्हा प्रतिवादी उठला. दुर्सुन, ज्याला माझ्याविरुद्ध बोलायला आणलं होतं, टोपी हातात घेऊन उभा राहिला. "जज्जबाई, ही माझी बहीण आहे आणि जिवंत आहे. मेलेलं माणूस इतकं बोलत नाही. तुम्ही आमच्या गावात कोणालाही विचारा."

जज्जबाई हसू दाबायला कागदांत वाकली.

माझ्या आधी एक मूल गेलं होतं हे मला ठाऊक होतं. त्याचं नाव कोणी सांगितलं नव्हतं. माझी आई मला हाक मारताना नेहमी दोनदा मारायची. "शेहरिबान, शेहरिबान." मला वाटायचं, मी पहिल्या हाकेला येत नाही म्हणून. त्या बाकावर बसल्या बसल्या ते आठवलं आणि मी रुमालात तोंड घातलं. काकू मोठ्यानं म्हणाली, "आता ही कशाला रडते? मी तिच्याच बाजूनं बोलले की!"

पुढे सगळं कापसाच्या बोळ्यांनी केलं, डीएनए का काय म्हणतात त्या तपासणीत. अंकाऱ्यात माझी मावसबहीण होती, तिच्या गालाच्या आत एक बोळा फिरवला, माझ्या गालात दुसरा. त्या बोळ्यांनी सांगितलं की मी एल्मासच्याच घरची. निकाल यायला पुढचा वसंत उजाडला. पहिली शेहरिबान पंचाहत्तर वर्षांनी रीतसर वारली. दुसरी रीतसर जन्मली, आणि माझं लग्न, माझी मुलं, माझी पेन्शन, सगळा बाडबिस्तरा पहिलीच्या नावावरून काढून माझ्या नावावर चढवला. एका दिवसात मी तीन वर्षांनी लहान झाले. गुडघ्यांना मात्र कोणी कळवलं नाही.

फेरहात बेच्या कचेरीत आईचं नवीन पान बघायला आम्ही दोघं गेलो. दुर्सुननं चष्मा पुसला आणि सावकाश वाचलं: "एल्मास. कुमारी. अपत्ये दोन. शेहरिबान. शेहरिबान."

"अजून कुमारीच?" मी विचारलं.

"इमामाचा निकाह कायद्यात बसत नाही, आजी," फेरहात बे ओशाळून म्हणाला.

दोन मुली आणि कुमारी. माझ्या आईनं आयुष्यात परक्या पुरुषासमोर डोळा वर केला नव्हता. पण मला ते पान आवडलं. निदान ती रिकामी बसली नव्हती हे तरी आता सरकारला कळलं होतं.

दुर्सुन अजून पानाकडेच बघत होता. दोन्ही नावांखालच्या रिकाम्या ओळीवर त्यानं अंगठा ठेवला.

"तुमचंही आता सोपं आहे," वकील त्याला म्हणाला. "ताईंचा निकाल हातात आहे. दोन महिन्यांत तुमचं नाव इथे आणतो. सही करा."

दुर्सुननं पेन घेतलं. मग खाली ठेवलं.

"मी नाही येत."

"का रे?" मी म्हटलं. "तुझी आई नव्हती ती?"

"होती. दूध तिचंच प्यालो. तिला मीच खांदा दिला." त्यानं टोपी गुडघ्यावर दाबून सरळ केली. "पण तू निघालीस तिकडून. आता मी पण उठलो तर मोठीच्या पानावर कोण राहतं?"

चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईला वांझ ठरवायला निघालीस, असं तो म्हणाला होता तेव्हा मी त्याला कानांचं उत्तर दिलं होतं. आता माझाच हात कानाकडे गेला.

"आणि तिनं विचारलं तर?" तो म्हणाला. "कधीतरी जायचंच आहे तिकडे. तू तिला घाबरायचीस, मी नाही, पण तरी. दारातच किल्ल्या वाजवत उभी असेल. म्हणेल, काय रे दुर्सुन, तू पण? तिला मी काय सांगू, कोर्टाचा हुकूम आहे म्हणून?"

"ती कोर्टालाही झाडूनं हाकलेल," मी म्हटलं.

"तेच म्हणतो."

फेरहात बे आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला वाटलं आम्ही भांडतोय.

"मग काय करू?" त्यानं विचारलं.

"राहू द्या," मी सांगितलं. "हा तिकडेच बरा आहे."

त्यानं कागद फायलीत ठेवला आणि आमच्यासाठी चहा मागवला.