ज्या दारी गाडी येते

उपासनानं उरलेली खीर डब्यात ओतली, झाकण दाबून बसवलं आणि फ्रिजकडे वळली, तर जगन्नाथकाका मागेच कागदांची चळत घेऊन उभे.

“हे वाचलंस का? पान एकोणीस.”

“लीज कोण वाचतं, काका? सही करायची आणि किल्ली घ्यायची.”

बुद्धपौर्णिमेची दुपार होती. ट्रॉयहून आणि आसपासच्या गावांतून आलेली मंडळी नुकतीच निघून गेली होती आणि काकांच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये पंचवीस माणसांच्या जेवणाचा वास अजून भरून होता. काकांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना हसवलं होतं. अमेरिकेतले चमत्कारिक कायदे गोळा करायचा त्यांना नाद होता. ज्या मिशिगननं जगाला मोटार दिली, तिथल्या मोठ्या काउंट्यांत रविवारी मोटार विकायला बंदी. बायकामुलांसमोर शिवी देणं शंभर वर्षं गुन्हा; नदीत होडीतून पडलेल्या एका माणसाला तोंड सोडलं म्हणून खरोखर शिक्षा झाली होती. लग्न न करता एकत्र राहणं तर अगदी परवापरवापर्यंत गुन्हा. त्यावर उपासनाचा नवरा बुद्धभूषण म्हणाला होता, “म्हणजे काका, आमच्या लॅबमधले निम्मे लोक आत!”

आता मात्र काका हसत नव्हते. चौतीस वर्षं मोटारींचे ब्रेक डिझाइन केलेला माणूस. बोट ठेवलं की त्या ओळीवरून हलत नसे.

“जुने कायदे हसायला बरे असतात. हा नवा आहे, आपल्या गावचा. बारा महिन्यांत एकाच घरी तीनदा नाइन-वन-वनची गाडी आली, की मालकानं त्या भाडेकरूला काढायचं. नाही काढलं तर मालकाला दंड. पोलीस असोत, अ‍ॅम्ब्युलन्स असो, कारण विचारत नाहीत. ज्या दारी गाडी येते, त्या दाराच्या नावावर एक.”

“दारुडे, मारामारी करणारे, असल्यांसाठी केला असेल हो.”

“केला त्यांच्यासाठी. लिहिला सगळ्यांसाठी. म्हणून सांगतो, सुमित्राताईंना नंबर कागदावर लिहून दे. आधी झीरो-वन-वन. ते राहिलं, तर भारताचा नाइन-वन आणि दिल्लीचा वन-वन. तिसऱ्या आकड्यालाच पोलीस उचलतील.”

सुमित्राताई म्हणजे उपासनाच्या सासूबाई. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दिल्लीतली त्यांची बहीण मोबाइल वापरत नसे आणि काकांच्या घरच्या जुन्या फोनवरून भारतात फुकट बोलता येई, म्हणून रोज सकाळी नऊ वाजता त्या शेजारच्या, काकांच्या दारी जात.

उपासना हसली. “तुम्ही पण ना, काका! सांगते आईंना.”

तिनं सांगितलं नाही. त्या आठवड्यात तिच्या लेकीला, चार वर्षांच्या इलाला, ताप आला. नंतर विषय मागे पडला. आणि तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला फोन कसा लावायचा हे सांगायला तिची जीभ उचलेना, हेही होतंच.

जुलैत एकदा पोलीस आले. ऑगस्टमध्ये पुन्हा आले. दोन्ही वेळा झीरो-वन-वन राहून गेलं होतं आणि पोलिसांचा आवाज ऐकून सासूबाईंनी घाबरून फोन ठेवून दिला होता, आणि फोन असा कापला की ते बघायला येतातच. दुसऱ्या वेळी आलेला पोलीस अगदी पोरसवदा होता, पण त्याचा हात कमरेच्या पट्ट्यावर होता. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माय मिस्टेक, ऑफिसर. ओल्ड फिंगर्स.”

चार दिवसांनी काकांच्या दाराच्या फटीत पत्र आलं. दोन झाले. उपासना ते वाचून तशीच चपला घालू लागली.

“मी ऑफिसात जाऊन सांगते, आमच्याकडून झालंय म्हणून.”

“काय सांगशील? दार तर माझंच ना?” काकांनी पत्राची घडी घातली. “पुढच्या जुलैत पहिला गळून पडेल. तोवर तिसरा होऊ द्यायचा नाही, बस. ब्रेकवाला माणूस आहे मी.”

मग ते खिडकीतल्या कुंडीकडे वळले. शीलाकाकूंनी लावलेला कढीपत्ता मिशिगनचे अकरा हिवाळे त्या खिडकीत काढून बसला होता. काकू गेल्याला तीन वर्षं झाली होती. मुलगा, राजस, दूर कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. दर रविवारी फोनवर तो एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक पाठवल्याची आठवण करून द्यायचा. एकदा का घरातून काढल्याची नोंद झाली, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दुसरा फ्लॅट कोणी देणार नव्हतं. मग ते माहितीपत्रकच उरत होतं. काकांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. कुंडीतलं एक पिवळं पान खुडून त्यांनी खिशात टाकलं.

ऑक्टोबरमध्ये सासूबाई परत गेल्या. जाताना त्यांनी काकांना वाकून नमस्कार केला, आणि वयानं जवळपास बरोबरीचे असलेले काका एकदम संकोचून दोन पावलं मागे सरकले.

तेव्हापासून उपासना भिंतीला कान लावून जगू लागली. दोन्ही फ्लॅटमधली भिंत पुठ्ठ्यासारखी. सकाळी साडेसातला काकांची वंदना सुरू व्हायची. त्रिशरण, मग पंचशील, संथ आणि जरा नाकात. मग केटलची शिट्टी. ती झाली की उपासना इलाच्या वेण्या घालायला घ्यायची. “सीआयडी लावलीय का माझ्यावर?” असं काकांनी एकदा विचारलं होतं. त्यांच्या दाराची जास्तीची किल्ली तेव्हाच त्यांनी तिच्या हातात ठेवली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी वंदना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, थांबली. मग काहीतरी जड पडलं.

उपासनानं पाचव्या शीलाची वाट पाहिली. मायक्रोवेव्हवर सात एकेचाळीस झाले होते. बुद्धभूषण गाडी घेऊन पावणेसातलाच गेला होता. तिनं किल्ली उचलली. इला हातात चमचा घेऊन मागोमाग आली.

काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कुशीवर पडले होते. डोळे उघडे होते.

“दार लाव आधी,” ते म्हणाले.

“काका, काय झालं? लागलं का?”

“घसरलो. काही नाही.” मग जरा थांबून, “फोन नको.” फोन हा शब्द ओल्या कापडातून आल्यासारखा आला.

उपासना गुडघ्यांवर बसली. “काका, हसा बरं जरा. माझ्याकडे बघून हसा.”

ते हसले. अर्धा चेहरा हसला.

इलाच्या चमच्यातून दूध फरशीवर ठिबकत होतं. “ममा, कॉल नाइन-वन-वन. मिस केली सेड सो इन स्कूल. इफ समबडी फॉल्स.”

“हो बाळा.”

तिनं बुद्धभूषणला फोन लावला. मागून वायपरचा आवाज येत होता.

“भूषण, काका पडलेत. मला वाटतं स्ट्रोक आहे. तू किती लांब आहेस?”

“हायवेवर आहे. ट्रॅफिक जॅम आहे, स्नो पडतोय. पाऊण तास तरी. अगं, नाइन-वन-वन कर ना यार!”

“तिसरा होईल, भूषण.”

वायपर दोनदा फिरला.

“आपल्यामुळे तिसरा होईल,” ती म्हणाली.

“मग... थांब. नको, थांबू नकोस. मी टर्न घेतो. उपासना, तू बघ काय ते.”

तिनं फोन खाली केला. नऊ दाबलं. एक दाबला. अंगठा तसाच राहिला. काका तिच्याकडे बघत होते आणि त्यांची मान हळूहळू, नकाराला पुरेल इतकीच, हलत होती.

ती वळून दाराकडे बघत राहिली. काकांचं दार, मग व्हरांडा, शेजारी तिचं दार. आठ पावलं. आपला पत्ता सांगून उपयोग नव्हता. स्ट्रेचर जिथून उचलतील तेच दार ते लिहून घेतील. ज्या दारी गाडी येते.

सोफ्यावरची रजई ओढून तिनं जमिनीवर पसरली. पडलेल्या माणसाला हलवू नये हे तिला ठाऊक होतं. इला झाली तेव्हाच्या प्रथमोपचाराच्या वर्गात ते तिनं वहीत अधोरेखित केलं होतं. काकांच्या काखेत हात घालून तिनं त्यांना रजईवर घेतलं. माणूस एवढा जड असतो हे तिला माहीत नव्हतं. रजईची दोन टोकं मुठीत धरून ती पाठमोरी ओढू लागली. लाकडी फरशीवर ते सरकले. दाराशी आल्यावर अडकले.

काय अडकलं ते तिला आधी कळलंच नाही. मग दिसलं. काकांनी डाव्या हातानं चौकट धरली होती.

“काका, सोडा. माझ्या घरी चला. माझ्या दारावर एकही नाही अजून. सोडा ना.”

त्यांनी काहीतरी म्हटलं. शब्द नव्हता तो. त्यांना ते तिच्या दारावर येऊ द्यायचं नव्हतं, की स्वतःचं दार सोडायचं नव्हतं, हे तिनं पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. त्या वेळी तिनं फक्त त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

व्हरांड्यातल्या गालिच्यावर रजई सरकेना. ती ओढायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा ओढायची. मध्येच त्यांची सपात निघून पडली.

“इला, ती सपात आण. आणि काकाआजोबांचं दार लाव.”

इलानं दोन्ही केलं. दार लावताना तिनं चमचा दातांत धरला होता.

आठ वाजून तीन मिनिटांनी उपासनानं तिसरा आकडा दाबला.

गाडी लवकर आली. आलेला माणूस काकांच्या छातीवर तारा चिकटवता चिकटवता तिला विचारत होता. नाव काय, वय किती, कोणत्या गोळ्या घेतात.

“व्हेअर डिड ही फॉल?”

“हिअर,” उपासना म्हणाली. “इथेच.”

“अँड व्हेन?”

वेळ मात्र तिनं खरी सांगितली. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि लिहून घेतलं. काकांचे डोळे मिटले होते.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंना तिनं तीन वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारला. ती बावीस मिनिटं नसती, ती ओढाताण नसती, तर? बाईंनी तिन्ही वेळा डोळ्यांत बघून तेच उत्तर दिलं. सांगता येत नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित पडला असता.

आता एप्रिल आहे. राजसनं पाठवलेल्या त्या माहितीपत्रकातल्याच जागेत काका आहेत. उजवा हात गेला, बोलणं गेलं. उपासना दर शनिवारी खीर घेऊन जाते. नर्स ती आधी मिक्सरमधून काढते. काका तिच्याकडे बघतात. रागावलेत का, हे अर्ध्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

पत्र तिच्या दाराच्या फटीत आलं. एक. काकांच्या दारावर दोनच राहिले आणि जुलैत त्यातला एक गळून पडेल. फ्लॅट अजून त्यांचाच आहे. लीज संपेपर्यंत राजस सोडणार नाही म्हणाला. उपासना किल्लीनं उघडते, कढीपत्त्याला पाणी घालते, पिवळी पानं खुडते. रोज साडेसातला मात्र ती स्वयंपाकघरात नळ मोठा सोडते.

काल इलाला आणायला गेली तेव्हा मिस केली हसत हसत दारापर्यंत आल्या. वर्गात सगळ्या मुलांना विचारलं होतं म्हणे, घरी कुणी पडलं तर काय करायचं? बाकी मुलं एका सुरात ओरडली. इलानं हात वर केला आणि समजावून सांगितलं, आधी त्यांना ओढत आपल्या घरी न्यायचं, मग त्यांची सपात आणायची, मग त्यांचं दार लावायचं, आणि मग फोन.

“सच अ‍ॅन इमॅजिनेशन!” मिस केली म्हणाल्या.

गाडीत इलाच्या सीटचा पट्टा लावताना उपासनाला बकल सापडेना. इलानंच तिचा हात धरून नेऊन ठेवला.

घरी आल्यावर तिनं बुद्धपौर्णिमेला जमणाऱ्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायला घेतलं. आधी तो कायदा लिहिला, पान एकोणीस, काकांनी दिलेली ताकीद आणि आपण हसलो ते. मग बावीस मिनिटं लिहिली, आणि शेवटी एक विनंती. वाचून पाहिलं, आणि विनंतीच्या आधीचं सगळं खोडलं. जे उरलं तेवढंच तिनं पाठवलं.

“तुमच्या मजल्यावर एकटं राहणारं कुणी आहे का? असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि एकदा दार वाजवून या. उघडेपर्यंत थांबा.”