काथवटीतलं काळं पाणी

लोहाऱ्याच्या रस्त्यालगत पत्र्याच्या मंडपात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. समोर मोठी लाकडी काथवट, तीत झेंडूच्या पाकळ्यांनी झाकलेलं पाणी आणि पाण्यात एका म्हाताऱ्याचे सुजलेले पाय. बघता बघता पाणी तांबूस झालं, मग चहासारखं, मग काळपट.

"किडनीतली घाण तळपायातून उतरली," जलबाबा म्हणाले, आणि दोनशे माणसांनी हात जोडले.

पायाला मुंग्या आल्या की किडनी जागी झाली, असं बाबा सांगत. तिला झोप कधी लागली होती, आणि घाणीनं तळपायापर्यंतची वाट कशी शोधली, हे कुणी विचारत नसे.

गर्दीच्या मागं कस्तुराबाई उभी होती. सहा महिन्यांपूर्वी याच काथवटीत तिच्या नवऱ्याचे, शांतलिंगचे, पाय होते. त्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. जीपचे धक्के, दिवसभराचा खाडा, आणि पाणी मोजून प्यायचं. कंटाळून तीच त्याला इथं घेऊन आली होती. बाबांनी काळं पाणी दाखवून सांगितलं, मशीन बंद करा, हवं तेवढं पाणी प्या. शांतलिंग वर्षभरानं तांब्याभर पाणी घटाघटा प्याला आणि हसला. नवव्या दिवशी त्याला आडवं होता येईना. श्वास घेताना छातीत बुडबुड आवाज येई. दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच, तो आवाज थांबला. श्रद्धा कमी पडली, असं बाबांनी नंतर सांगितलं.

कस्तुराबाईच्या कानातून मात्र तो आवाज गेला नाही. माठात तांब्या बुडवला की तो येई. शेजारी कुणी चूळ भरली तरी ती दचके. काही दिवस ती स्वतःच पाणी प्यायचं टाळू लागली.

शेवटी ती डायलिसिस केंद्रात गेली आणि तिथं मशीन चालवणाऱ्या कलीमला तिनं विचारलं, घाण तर म्या डोळ्यांनी निघताना बघितली, मग माणूस गेला कसा? कलीमनं ग्लासात मिठाचं पाणी घेतलं, त्यात दोन खिळे सोडले आणि त्यांना बॅटरीच्या तारा जोडल्या. थोड्या वेळानं पाणी काळपट झालं.

"मावशी, ह्यात पाय कुणाचे होते?"

आज ती कलीमला घेऊनच आली होती, कारण तिच्या शेजारची दीपमाला आता काथवटीपुढं बसत होती. बावीस वर्षांची पोर. दोन डायलिसिस चुकवलेली, चेहरा सुजलेला.

दीपमालानं पाय पाण्यात सोडले. बाबांचा हात आसनाखाली गेला. तेवढ्यात कस्तुराबाई पुढं आली, खाली बसली आणि तिनं पोरीचे दोन्ही ओले पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले.

"बाबा, आता काढा घाण."

पाय काढले की पाणी मरतं, असं काहीतरी बाबा पुटपुटले. त्यांचा हात पुन्हा आसनाखाली निघाला होता, पण कलीमनं मनगट धरलं. पाय नसलेल्या काथवटीत पाणी तांबूस झालं, मग चहासारखं, मग काळपट.

कलीमनं पाकळ्या बाजूला सारल्या. खाली गंजलेल्या दोन लोखंडी पट्ट्या होत्या, आणि त्यांच्या तारा आसनाखालच्या बटणातून ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेल्या. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं, त्याचा हा गंज, त्यानं सांगितलं. मुंग्या येतात त्याही विजेनंच.

"मग माझी घाण?" मघाच्या म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

"ती रक्तातच हाय, आजोबा. अन् ती अशी डोळ्याला दिसत न्हाय."

दीपमाला रडायला लागली. "काकू, मला आज पोटभर पाणी प्यायचं होतं."

"म्हाईत हाय पोरी. त्येबी प्याले होते."

त्याच दुपारी जीपनं दीपमालाला आणि म्हाताऱ्याला केंद्रावर नेलं. दीपमालाचा श्वास संध्याकाळपर्यंत मोकळा झाला. बाबांविरुद्धच्या तक्रारीवर पहिला अंगठा कस्तुराबाईचा होता.

आता दर खेपेला ती दीपमालासोबत जाते. जीपमधल्या माणसांना सांगते, किडनी सांभाळायची तर साखर आणि बीपी तपासून घ्या, अंगदुखीच्या गोळ्या मनानं गिळू नका, आणि घरात कुणाचं डायलिसिस असेल तर त्याला एकटं पाठवू नका. थकलेलं माणूसच बाबाच्या हाती लागतं. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी, ती म्हणते, एकदा पाय बाहेर काढून बघा.